ठिणगी झेलणारी अळंबी

चकमक झाडून आग पेटवणं पुस्तकात फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात पोलादावर गारगोटी घासली की उडते ती लोखंडाची एक जळती कणी, आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत विझते. वाळक्या गवतावर किंवा लाकडाच्या ढलप्यांवर अशा कितीही ठिणग्या पाडा, हाती काही लागत नाही. खाली असं काहीतरी हवं, जे ती कणी विझण्याआधी धरून ठेवेल आणि ज्वाळा न काढता धुमसत राहील. आपल्याकडे हे काम कापसाकडे होतं. युरोपात हजारो वर्षं ते एका अळंबीने केलं. तिचं शास्त्रीय नाव फोमेस फोमेंटेरियस.

ही जमिनीतून उगवणारी छत्री नव्हे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात भूर्ज आणि बीच या झाडांच्या खोडावर ती दांड्याशिवाय थेट चिकटून वाढते. आकार घोड्याच्या खुराचा. रंग राखाडी ते तपकिरी, वरून कठीण कवच आणि त्यावर वर्षागणिक उमटलेले आडवे पट्टे. एकच अळंबी अनेक वर्षं जगते आणि दर हंगामात खालच्या बाजूला नव्या नळ्यांचा थर चढवते. खालची बाजू पाहिली तर पाकळ्या दिसत नाहीत, बारीक गोल छिद्रं दिसतात, एका मिलिमीटरमध्ये दोन ते चार. बीजाणू तिथूनच खाली पडतात. त्यासाठी नळ्या अगदी उभ्या असाव्या लागतात, म्हणून झाड उन्मळून आडवं पडलं की पुढचा थर नव्या दिशेने, पुन्हा जमिनीकडे तोंड करून वाढतो. पडलेल्या ओंडक्यावर असा मान मुरगळलेला खूर दिसला तर समजावं, झाड उभं होतं तेव्हापासून तो तिथे आहे.

पण बाहेरून ओळखण्यात फसगत ठरलेली. त्याच जंगलात फोमिटोप्सिस पिनिकोला नावाची अळंबी भेटते. तिच्या काठाला बहुधा लाल-नारिंगी पट्टा असतो, पण जुनी झाली की तीही राखाडी दिसू लागते. इथे एक काडी उपयोगी पडते. कवचाला जळती काडी लावा. पिनिकोलाचं कवच राळेसारखं वितळून बुडबुडे येतात, फोमेसचं वितळत नाही. गॅनोडर्मा ॲप्लॅनाटम ही दुसरी जोडीदारीण. ती खुरापेक्षा फळीसारखी चपटी, आणि खालच्या पांढऱ्या पृष्ठभागावर नखाने ओरखडा काढला की तिथे लगेच तपकिरी रेघ उमटते. पाश्चात्त्य देशांत लोक तिच्यावर चित्रं कोरतात ती याच गुणामुळे. फेलिनस इग्नियारियस मात्र काळपट, भेगाळलेली आणि दगडासारखी टणक. सुरी लावली की कळतंच.

आणि सुरी लावणं हाच खरा उपाय आहे, कारण ही अळंबी ओळखू येते ती ज्या थरावरून, कामाला येतो तोही तोच थर. उभा छेद घेतला की वर पातळ कवच, खाली उभ्या नळ्यांचे थरावर थर, आणि या दोहोंच्या मध्ये दालचिनीच्या रंगाचा, बोटांनी दाबला तर किंचित दबणारा थर दिसतो. हात लावल्यावर तो लाकडासारखा लागत नाही, नमद्यासारखा लागतो. खोडाला चिकटलेल्या भागात आणखी एक रवाळ, ठिपकेदार गाभा असतो. प्रयोगशाळेत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की त्याचा रंग गडद लाल होतो. रानात तो मधला थर पुरेसा आहे.

या थरापासून जे तयार होई त्याला युरोपात आमादू म्हणत. कवच तासून काढायचं, नळ्या कापून टाकायच्या, मधला थर पातळ चकत्यांत कापायचा. चकत्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग लाकडी मोगरीने हळूहळू ठोकत राहायचं. ठोकता ठोकता चकती पसरत जाते, मऊ होते, चामड्यासारखी ताणली जाते. शेवटी सोऱ्याच्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट या क्षाराच्या, पाण्यात बुडवून वाळवायची. सोरा तापला की प्राणवायू सोडतो, त्यामुळे इवलीशी ठिणगीही पुरते. रानात एवढा उपद्व्याप करायला वेळ नसतो. तिथे सुकलेल्या अळंबीचा मधला थर सुरीच्या पात्याने खरवडून कापसासारखा पिंजला, तरी चांगल्या पोलादाची ठिणगी त्यात पकडली जाते.

हे घडतं कशामुळे? हा थर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या, मायक्रोमीटरमध्ये मोजाव्या इतक्या बारीक तंतूंचं जाळं. तंतूंच्या भिंती जाड, आणि मधे भरपूर हवा. ठिणगीची सगळी उष्णता एखाद्या बारीक तंतूवर एकवटते, त्याचा कोळसा होतो आणि हवेतला प्राणवायू थेट त्या कोळशाच्या पृष्ठभागावर काम करतो. ज्वाळा लागायला आधी पदार्थातून जळाऊ वायू वेगाने सुटावे लागतात, इथे त्याची गरजच पडत नाही. म्हणून लाल किनार एका तंतूवरून दुसऱ्यावर सावकाश सरकत राहते. मोठा तुकडा पेटवला तर तो तासन् तास धुमसतो, आणि वाटेत विस्तव न्यायचं काम सहज होतं. याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. विझला असं वाटलेला तुकडा आतून जिवंत असू शकतो. तो पाण्यात पूर्ण बुडवूनच टाकावा.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या स्टार कार इथे, सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, ही अळंबी बरीच सापडली आहे. जास्त गाजला तो मात्र ओत्झी. १९ सप्टेंबर १९९१ रोजी इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या हिमनदीत सुमारे ३२१० मीटर उंचीवर सापडलेला, पाच हजार वर्षांहून जुना माणूस. त्याच्या कमरेच्या पिशवीत फोमेसचा काळा गोळा होता आणि त्याला पायराइट या खनिजाचे कण चिकटलेले होते. पोलाद अजून यायचं होतं. गारेवर पायराइट आपटून तो ठिणगी पाडत असणार. शिवाय भूर्जाच्या सालीच्या एका डब्यात मेपलच्या हिरव्या पानांत गुंडाळलेले कोळसे होते, म्हणजे विस्तव नेण्याचीही सोय होती.

त्याच्याकडे दुसऱ्या एका अळंबीचे दोन तुकडेही चामड्याच्या वादीत ओवलेले मिळाले. ती फोमिटोप्सिस बेट्युलिना, भूर्जावरच येणारी, पांढरी, मऊ आणि एकाच हंगामाची. पुढे युरोपात तिच्या पट्ट्यांवर वस्तरे परजत. ओत्झीच्या आतड्यात जंतांची अंडी मिळाल्यावर १९९८ मध्ये एका इटालियन शास्त्रज्ञाने ही अळंबी तो जंतांवर औषध म्हणून बाळगत असावा, असं मांडलं. कल्पना आकर्षक आहे, पण सिद्ध झालेली नाही. ती वाचून कुणी अळंबी उकळून प्यायला जाऊ नये.

आमादूचे इतर उपयोग मात्र पक्के नोंदलेले आहेत. शल्यचिकित्सक रक्त थांबवायला तो जखमेवर दाबत, दंतवैद्य दात कोरडे करायला वापरत, आणि गळाने मासे धरणारे हौशी लोक पिसांची नकली माशी वाळवायला आजही तो खिशात ठेवतात. रोमानियातल्या कोरुंद गावात अजूनही काही कारागीर तो ताणून टोप्या बनवतात. एकोणिसाव्या शतकात काड्यापेटी आली आणि मोठा व्यापार बसला. अलीकडे मात्र शास्त्रज्ञ पुन्हा या अळंबीकडे वळले आहेत. २०२३ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी तिच्या तिन्ही थरांचा अभ्यास मांडला. तंतू मुळात सारखेच, पण त्यांची मांडणी आणि त्यांना बांधणारा पदार्थ बदलला की एकाच अळंबीत कठीण कवच, मऊ फेस आणि मजबूत नळ्या तयार होतात. हलक्या पण दणकट वस्तू बनवू पाहणाऱ्यांना यात रस आहे.

हिमालयात भूर्जाच्या पट्ट्यात जाणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींना ही अळंबी तिथे दिसू शकते. पण ती भूर्जं आधीच अडचणीत आहेत, तेव्हा तोडायची गरज नाही, पाहावं आणि पुढे जावं. सह्याद्रीत तिला शोधू नये. इथे खोडांवर दिसतात त्या बहुतेक गॅनोडर्मा, नाहीतर फणसावर येणारा फणसांबा, जो कोकणात सहाणेवर उगाळून लहान मुलांचं तोंड आलं की लावतात. सुकलेल्या गॅनोडर्मावर चकमकीची ठिणगी सहसा धरत नाही. पण चुलीतला एक निखारा तिच्यावर ठेवून फुंकर घातली, तर विस्तव पुढच्या मुक्कामापर्यंत नेता येतो.