रेव्ह लिमिटर की स्पीड लिमिटर? मस्टँग आणि चॅलेंजरच्या निमित्तानं

फोर्ड मस्टँग जीटीमध्ये २०१५ च्या मॉडेलपासून 'लाइन लॉक' नावाची एक सोय आहे. ती चालू केली की फक्त पुढच्या चाकांचे ब्रेक धरून ठेवले जातात, मागची चाकं मोकळी राहतात. मग ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मागचे टायर जागच्या जागी फिरवून धूर काढायचा. ड्रॅग स्ट्रिपवर टायर तापवायला हे उपयोगी, बाकी सगळीकडे निव्वळ हौस. पाय जरा जास्तच दाबला गेला तर इंजिनाचा चढत जाणारा आवाज अचानक तुटक होतो, ढर्र-ढर्र-ढर्र, जणू कुणी त्याचा गळा धरतंय आणि सोडतंय. गाडी तर वीतभरही पुढे गेलेली नसते. हा लागला रेव्ह लिमिटर.

आता २०१८ नंतरची एखादी साधी मस्टँग जीटी मोकळ्या ट्रॅकवर पळवा. वेगाचा काटा ताशी १५५ मैलांवर, म्हणजे २५० किलोमीटरच्या आसपास येतो आणि तिथेच बसतो. दहाव्या गियरचा हिशेब मांडला तर या वेगाला इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आगेमागे फिरत असतं. त्याची लाल रेघ, म्हणजे इंजिनानं ओलांडू नये अशी फेऱ्यांची हद्द, आहे ७५०० वर. म्हणजे इंजिनाला अजून बराच वाव आहे, तरी गाडी पुढे सरकायला तयार नाही. हा लागला स्पीड लिमिटर.

आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'लिमिटर' म्हणतात, आणि 'कंपनीनं गाडी लॉक केलीय' म्हणून दोन्हींवर एकाच दमात राग काढतात. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही राहतात त्याच ईसीयूत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, आणि दोघांच्या हातातली हत्यारंही तीच: थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), इंधन, ठिणगी. फरक आहे तो कुणाकडे पाहून निर्णय घ्यायचा आणि कुणाला वाचवायचं यात.

रेव्ह लिमिटर पाहतो क्रँकशाफ्टकडे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावण्यानं फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याकडे. शेव्हरोले कॅमॅरोतल्या ६.२ लिटर एलटी१ इंजिनाच्या क्रँकवर दातेरी चाक असतं. जागा ६० दातांची, पण दोन दात मुद्दाम गाळलेले. सेन्सरसमोरून दात जात राहतात आणि ती रिकामी जागा आली की क्रँक नेमका कुठे आहे ते ईसीयूला कळतं. ६६०० आरपीएमला एक फेरा जेमतेम नऊ मिलिसेकंदांत पुरा होतो, त्यामुळे हा राखणदार डुलकी घेऊच शकत नाही.

तो वाचवतो काय? इंजिनाला स्वतःपासूनच. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. या थांबण्या-सुटण्याचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६००० वरून ७००० वर जाताना फेरे वाढतात १७ टक्के, ताण वाढतो ३६ टक्के. मस्टँगच्या ५ लिटर इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९२.७ मिलिमीटर आहे. ७५०० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८०० पट भरतं. पिस्टन आणि त्याची पिन मिळून अर्धा किलो धरली, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला दर फेऱ्यात जवळपास दोन टनांचा हिसका बसतो. त्यात आणखी थोडे फेरे वाढवायचे म्हणजे कुठे थांबायचं ते रॉडच ठरवणार.

पण पुष्कळ इंजिनांत पिस्टनच्या आधी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, हात टेकतात. डॉज चॅलेंजर हेलकॅटचं ६.२ लिटर हेमी इंजिन जुन्या घराण्यातलं आहे: कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) खाली, आणि लांब पुशरॉडांनी वरचे व्हॉल्व्ह हलवायचे. एवढा सगळा लवाजमा स्प्रिंगला वेळेवर परत आणावा लागतो. ठरावीक वेगानंतर ती मागे पडते, व्हॉल्व्ह पुरता बसायच्या आत पुन्हा उचलला जातो. त्यात या इंजिनाच्या डोक्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर, क्रँकच्या २.३६ पट वेगानं फिरणारा. ६२०० ला क्रँक, तेव्हा सुपरचार्जर १४,६०० वर. म्हणून ७०७ अश्वशक्तीच्या या धटिंगणाची लाल रेघ ६२०० वर, आणि ताकदीनं कमी असलेल्या मस्टँगच्याच शेल्बी जीटी३५० ची ८२५० वर. जास्त ताकद म्हणजे जास्त आरपीएम, ही समजूत इथे पार उलटी पडते.

लिमिटर लागतो म्हणजे नेमकं काय होतं? हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांच्यात केबल नसते, मध्ये ईसीयू असतो. तुमचा पाय तळाला टेकलेला असला तरी तो थ्रॉटल हळूच मिटू शकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर इंधन फवारणारे इंजेक्टर बंद. आरपीएम थोडे उतरले की इंजेक्टर परत चालू, पाय तसाच असेल तर पुन्हा बंद. ती ढर्र-ढर्र येते ती या उघडझापीतून.

ठिणगी तोडूनही हे काम होतं. १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ ला कारखान्यातून आलेला लिमिटर ठिणगीच तोडायचा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात दुसरा सोपा इलाजही नव्हता. यात अडचण अशी की ठिणगी नसली तरी पेट्रोल येतच राहतं आणि न जळता एग्झॉस्टमध्ये जातं. गावात बुलेटवाले चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून सायलेन्सरमधून 'फटाके' फोडतात ना, ते नेमकं हेच: गरम नळीत साचलेलं पेट्रोल पेटतं. जुन्या गाडीत नुसताच आवाज व्हायचा. आजच्या गाडीत वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलाय, तो अशा फटाक्यांनी आतून भाजून निघतो. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांचा भर इंधन तोडण्यावर असतो. ठिणगी-तोड हौशी ट्यूनिंगवाल्यांची आवडती, कारण ती ऐकू येते.

स्पीड लिमिटरचं काम त्या मानानं सपक. तो चाकांचे किंवा गियरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे पाहून वेग काढतो आणि हद्द आली की थ्रॉटल अलगद मिटत नेतो. ना झटका, ना आवाज. गाडी रबराच्या भिंतीला टेकल्यासारखी वाटते. चालवणाऱ्याला दोन्ही ओळखायचे असतील तर सोपी खूण आहे: वरचा गियर टाकला आणि गाडी पुन्हा पळाली, तर तो रेव्ह लिमिटर होता. स्पीड लिमिटरला गियरशी देणंघेणं नाही. उलट टायर बदललेत तर त्याचा हिशेब चुकतो. मूळ मापापेक्षा पाच टक्के मोठा टायर लावला आणि ईसीयूला सांगितलं नाही, तर त्याच्या लेखी २५० असताना गाडी खरी २६२ वर असते. रेव्ह लिमिटरला टायरच्या मापाचा पत्ताही नसतो.

स्पीड लिमिटर राखतो ते इंजिनाबाहेरचं: टायर, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, गाडीची स्थिरता. याचं माझं आवडतं उदाहरण २०१८ ची चॅलेंजर डीमन. रेसचं इंधन घातलं तर ८४० अश्वशक्ती. साध्या हेलकॅटपेक्षा १३३ नं जास्त, तरी कमाल वेग कमी! हेलकॅट १९९ मैलांपर्यंत जाते, डीमनला १६८ वर, म्हणजे २७० किलोमीटरवर, इलेक्ट्रॉनिक लगाम. कारण तिच्या पायातले ड्रॅग रेडियल टायर. पाव मैलाच्या शर्यतीत सुटताना रस्ता धरून ठेवायचा, यासाठी ते केलेले. तासन्‌तास तीनशेच्या वेगानं धावायला नाहीत. टायरच्या बाजूवर वेगश्रेणीचं एक अक्षर छापलेलं असतं. व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. कमाल वेगाचा आकडा अनेकदा इंजिन नव्हे, टायर ठरवतो.

आपल्या ट्रक-बसमध्ये ८० ला अडवणारा गव्हर्नर याच दुसऱ्या जातीतला, फक्त त्याच्यामागे कायदा आहे. २०१९ च्या जुलैपासून आपल्या नव्या मोटारी ८० नंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत टींटीं करतात. तो मात्र लिमिटर नव्हेच. तो कानाशी कुरकुरतो, पाय धरत नाही.

गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ येते तेव्हाही हे दोन वेगळे स्वभाव दिसतात. फोर्डच्या 'मायकी'मध्ये मुलाच्या किल्लीवर ८० मैलांची हद्द घालता येते: पोरगं हायवेवर सुसाट सुटू नये. हेलकॅटचा 'व्हॅले मोड' इंजिनालाच ४००० आरपीएमवर अडवतो: हॉटेलच्या पार्किंगवाल्यानं चार चाकांवरचा राक्षस जागा करू नये. बापाला वेगाची काळजी, मालकाला इंजिनाची.

दोघांनाही एक गोष्ट मात्र जमत नाही. दोघं फक्त देणं थांबवू शकतात, मागे ओढणं त्यांच्या हातात नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना गव्हर्नर लावलेली भरलेली बस सहज ८० ओलांडू शकते, कारण तिथे ढकलतोय तो उतार, इंजिन नव्हे. रेव्ह लिमिटरची फजिती याहून महागात पडते. मॅन्युअल कॅमॅरो एसएस तिसऱ्या गियरमध्ये ६५०० ला आहे आणि घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडला. तिसऱ्याचं गुणोत्तर १.३०, दुसऱ्याचं १.७८. क्लच सुटला की चाकंच इंजिनाला फिरवतात, सुमारे ८९०० आरपीएमवर. ईसीयू इंजेक्टर कधीच बंद करून बसलेला असतो, पण इथे पेट्रोलचा संबंधच उरलेला नाही. ऑटोमॅटिक गियरबॉक्स असता तर त्यानं हा गियर घ्यायला साफ नकार दिला असता. अमेरिकेत याला 'मनी शिफ्ट' म्हणतात, आणि व्हॉल्व्ह वाकल्यावर ते नाव कसं पडलं ते विचारावं लागत नाही. वॉरंटीचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू गाठलेला सर्वांत मोठा आरपीएम लिहून ठेवतो, त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये 'गाडी आपोआप बंद पडली' असं सांगायची सोयही राहत नाही.