शाळेत किंवा क्षयरुग्णांसाठी स्वयंसेवक व्हायचंय? व्यक्ती आणि कंपन्यांसाठी नोंदणी, पात्रता, कागदपत्रं

एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला कपाट उघडून दाखवलं. वरच्या दोन फळ्यांवर रंगपेट्या, खालच्या दोन फळ्यांवर शंभरपानी वह्यांचे गठ्ठे, आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं स्टिकर. "वह्यांना नाही कसं म्हणायचं हो? पण त्या खोलीत सहा संगणक झाकून ठेवलेत, दोन वर्षं झाली. ते चालू करून देणारं कुणी येत नाही." वह्या देणाऱ्यांतली एक कंपनी सॉफ्टवेअरची होती.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी हेच सांगतो: आधी मागणी बघा, मग अर्ज भरा. ही मागणी बघायची सोय सरकारी पोर्टलवर आहे. एकटी व्यक्ती आणि कंपनी, दोघांनाही खुले असलेले दोन मार्ग मला सगळ्यात कामाचे वाटतात: सरकारी शाळांसाठी विद्यांजली आणि क्षयरुग्णांसाठी निक्षय मित्र. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

विद्यांजली: सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी

हा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा कार्यक्रम. सध्याचं पोर्टल ७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालं. शाळा आपल्या यूडायस क्रमांकानं (हा प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, ११ अंकी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ पासून सुरू होतो) पोर्टलवर येते आणि आपल्याला काय हवं ते नोंदवते. ही मागणी दोन प्रकारची असते. पहिला प्रकार सेवेचा: एखादा विषय शिकवायला मदत, मागे पडलेल्या मुलांची तयारी, खेळ, योग, भाषा, हस्तकला, करिअर मार्गदर्शन, दिव्यांग मुलांना साहाय्य. दुसरा वस्तूंचा: वर्गातलं सामान, विजेची कामं, संगणक, खेळाचं साहित्य, प्रयोगशाळेच्या वस्तू, दुरुस्ती-देखभाल.

नोंदणी कोण करू शकतं? १८ वर्षं पूर्ण झालेली भारतीय व्यक्ती, परदेशात राहणारे भारतीय, भारतीय वंशाच्या व्यक्ती, तसंच भारतात नोंदणी झालेल्या कंपन्या, संस्था आणि गट. निवृत्त शिक्षक, गृहिणी, बँकेतले, सैन्यातून निवृत्त झालेले, सगळ्यांना जागा आहे. बीएड लागतं का, हा प्रश्न हमखास येतो. नाही लागत. तुम्ही शिक्षकाची जागा घ्यायला जात नाही, त्याच्या जोडीला जाता. मात्र जे काम निवडाल त्याला साजेसं शिक्षण किंवा अनुभव असावा. शाळा तेवढंच बघते. मानधन मिळत नाही, आणि पुढे नोकरीवर हक्कही सांगता येत नाही.

अर्ज असा भरा. पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नोंदणी करताना आधी व्यक्ती की संस्था हे निवडा. मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो. मग नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, व्यवसाय आणि कशात मदत करायला आवडेल ते भरा. नंतर राज्य, जिल्हा, तालुका निवडून शाळा शोधा, मागण्यांची यादी वाचा आणि जमेल त्या मागणीपुढे आपली तयारी नोंदवा. शाळा आलेली नावं बघते, संपर्क करते, ओळखपत्र तपासते आणि मगच होकार देते. बहुतेक अर्ज अडतात ते याच टप्प्यावर, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

आवडीच्या रकान्यात दहा गोष्टींवर टिचकी मारायचा मोह आवरा. "गणित, सहावी ते आठवी" एवढंच लिहिणाऱ्याला शाळा लवकर फोन करते.

मुलांमध्ये काम करायचं तर

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार, मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी यांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची असते. नियम कर्मचाऱ्यांबद्दल असला, तरी दर आठवड्याला येणाऱ्या स्वयंसेवकाकडूनही अनेक शाळा चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. उलट न मागणाऱ्या शाळेलाही आपण होऊन द्या. महाराष्ट्रात याचा अर्ज राज्य पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि प्रमाणपत्र कशासाठी हवं त्याचं कारण लागतं. शाळेचं किंवा संस्थेचं पत्र जोडलेलं बरं. पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यातून होते, त्यामुळे हाताशी थोडे दिवस ठेवा.

दुसरी गोष्ट फोटोंची. बालगृहात वाढदिवस साजरा करून मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकायची पद्धत पडली आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, सगळंच त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनीच्या जनसंपर्क विभागानं हे कलम छापून भिंतीवर लावावं.

निक्षय मित्र: क्षयरुग्णांना आधार

प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियान ९ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालं. या अभियानात उपचार चालू असलेल्या रुग्णांना जे दत्तक घेतात त्यांना निक्षय मित्र म्हणतात. दत्तक हा शब्द मला थोडा खटकतो, पण सरकारी कागदांवर तोच आहे.

व्यक्ती, कंपनी, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था, लोकप्रतिनिधी, कुणीही निक्षय मित्र होऊ शकतं. अट एकच आणि ती पाळावीच लागते: किमान सहा महिने. पुढे एक, दोन किंवा तीन वर्षांपर्यंत बांधिलकी घेता येते. मदत पोषण आहाराची, तपासण्यांची किंवा रुग्णाला व्यवसाय शिकवण्याची असू शकते. सर्वाधिक गरज आहाराची असते. प्रौढ रुग्णासाठी महिन्याची सुचवलेली शिधा पिशवी अशी: ३ किलो धान्य किंवा भरडधान्य, दीड किलो डाळी, २५० ग्रॅम खाद्यतेल, आणि १ किलो दूध पावडर किंवा ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे. जमल्यास ३० अंडी. ही मदत सरकारी योजनेच्या जोडीला असते. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली.

नोंदणी निक्षयच्या सामुदायिक साहाय्य पोर्टलवर होते. प्रकार निवडा, नाव-मोबाइल भरा, किती काळासाठी, कोणत्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात आणि कोणत्या प्रकारची मदत करणार ते नोंदवा. तुम्हाला निक्षय मित्र क्रमांक मिळतो. मग जिल्हा क्षयरोग अधिकारी कार्यालय संपर्क करतं आणि ज्या रुग्णांनी संमती दिली आहे त्यांच्याशी तुम्हाला जोडून देतं. संमतीशिवाय कुणाचंही नाव मिळत नाही, मागूही नका. क्षयरोगाबद्दलची माहिती १८००-११-६६६६ या टोल फ्री क्रमांकावर मिळते.

सल्ला एवढाच की आकडा आवाक्यात ठेवा. पहिल्या महिन्यात थाटात पंचवीस पिशव्या आणि चौथ्या महिन्यात शून्य, यापेक्षा दोन रुग्ण शेवटपर्यंत सांभाळलेले चांगले. उपचार निम्म्यावर आलेले असताना पिशवी यायची थांबली, तर घरातला माणूस काय समजतो ते विचार करण्यासारखं आहे. आणि पिशवी देताना दारात फोटो काढू नका. शेजाऱ्यांना आजार कळावा अशी त्या घराची इच्छा नसते.

कागदपत्रं

व्यक्तीसाठी: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक-दोन फोटो, कामाशी संबंधित प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत. आधारची प्रत देताना मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. छायाप्रतीवर "फक्त स्वयंसेवक नोंदणीसाठी" असं लिहून तारीख आणि सही टाका. ही सवय कुठल्याही कामासाठी चांगली.

कंपनीसाठी: नोंदणी प्रमाणपत्र (सीआयएन, म्हणजे कंपनीच्या २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांकासह), पॅन, संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र, आणि ज्याच्या सहीनं व्यवहार होणार त्या व्यक्तीचं ओळखपत्र. सोबत येणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी आधीच पाठवा, गेटवर वेळ वाचतो. बाहेरच्या कामात कुणाला इजा झाली तर कंपनीचा अपघात विमा लागू होतो का, हे एचआरकडून लेखी घ्या. झाड लावताना पाय मुरगळल्यावर पॉलिसी शोधत बसण्यात अर्थ नाही.

कंपन्यांचा नेहमीचा प्रश्न: हे सीएसआरमध्ये (कंपनीनं सामाजिक कामावर करायच्या कायदेशीर खर्चात) धरता येतं का?

स्वयंसेवा कुठलीही कंपनी करू शकते, अगदी दहा माणसांचीही. सीएसआरचं बंधन मात्र सगळ्यांना नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिलाच ते लागू. तीनपैकी एक पुरेसं. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही याच कलमात म्हटलं आहे. म्हणजे कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या शाळेचा विचार आधी व्हायला हवा.

आता एक नेहमीचा गैरसमज. पन्नास कर्मचारी एक दिवस शाळेत गेले, प्रत्येकाचे आठ तास, म्हणजे चारशे तास. त्या तासांचा पगार काढून सीएसआर खर्चात दाखवू, असा हिशेब मी स्वतः एका बैठकीत फळ्यावर मांडलेला पाहिला आहे. तो चालत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं जानेवारी २०१६ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की कर्मचाऱ्यांना सहभागी करून घेण्याला प्रोत्साहन आहे, पण त्यांच्या विनामूल्य सेवेचं पैशात रूपांतर करून ते सीएसआर खर्चात धरता येणार नाही. फक्त कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याचे उपक्रमही सीएसआर नाहीत. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असे एक दिवसाचे कार्यक्रमही नाहीत. काम एखाद्या संस्थेमार्फत करणार असाल, तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी झालेली असावी लागते. हा क्रमांक पहिल्याच भेटीत मागून घ्या.

थोडक्यात, शाळेसाठी घेतलेला प्रोजेक्टर अटी पाळून केलेल्या प्रकल्पाचा भाग असेल तर सीएसआरमध्ये येईल, तो बसवायला गेलेल्या इंजिनिअरचा शनिवार येणार नाही. पण शाळेला खरी गरज त्या शनिवारचीच असते.

आणखी काही मार्ग

१५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी माय भारत हे पोर्टल ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालं. संस्थाही तिथे आपले उपक्रम टाकतात. कॉलेजात असाल तर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहेच: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. रक्तदान शिबिर कंपनीत घ्यायचं तर परवानाधारक रक्तकेंद्राशी आधी बोला, जागा आणि जेवणाची सुट्टी त्यांच्या सोयीनं ठरवा. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं.

अर्ज केला, पण उत्तरच नाही

हे होतं. शाळेत पोर्टल बघणारे गुरुजी तेच, शालेय पोषण आहाराची नोंद ठेवणारेही तेच, आणि निवडणुकीच्या कामालाही तेच. आठ-दहा दिवस वाट बघून सरळ शाळेत जा. वर्ग चालू असताना नको, सुट्टीत किंवा शाळा सुटताना. सोबत एक पानी पत्र न्या. मुख्याध्यापकांना ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येतं, त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पत्रात "आपल्या शाळेसाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे" असलं काही लिहू नका. काम, दिवस, तास आणि शेवटची तारीख लिहा. त्या संगणकांसाठी एका मित्राला मी लिहून दिलेला मसुदा असा होता:

विषय: संगणक कक्षातील संगणकांची तपासणी व दुरुस्ती विनामूल्य करून देण्याबाबत.

महोदया,
विद्यांजली पोर्टलवरील आपल्या शाळेच्या मागणीस अनुसरून कळवितो की, मी सलग आठ शनिवार सकाळच्या शाळेच्या वेळेत दोन तास येऊन सहा संगणकांची तपासणी करीन. सुटे भाग लागल्यास त्यांची यादी दुसऱ्या शनिवारी आपणांस देईन व आपल्या मान्यतेशिवाय काहीही बदलणार नाही. शेवटच्या दोन शनिवारी एका शिक्षकांना नेहमीची देखभाल शिकवीन. विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढणार नाही. येणे शक्य नसल्यास आदल्या दिवशी दूरध्वनी करीन.
सोबत: ओळखपत्राची छायाप्रत, पोर्टलवरील नोंदणीची प्रत.