स्टेंटच्या आड आलेलं पित्ताशय

स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी कर्करोगाची गाठ झाली की शेजारून जाणारी पित्तनलिका दाबली जाते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस रात्र रात्र झोपत नाही. ही कावीळ औषधाने उतरत नाही. तुंबलेल्या पित्ताला वाट करून द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागे, नाहीतर बरगड्यांमधून यकृतात सुई घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढावं लागे.

१९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्र यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून प्लास्टिकची नळी थेट पित्तनलिकेत बसवण्याची पद्धत मांडली. आज सर्रास वापरतात ती नळी जेमतेम सव्वातीन मिलिमीटर जाड असते. तिच्या आत जंतूंचा थर धरतो, गाळ साचतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ती तुंबते. रुग्ण पुन्हा पिवळा पडतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस धातूच्या जाळीचे स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, आले. आत गेल्यावर ते आपोआप फुलतात आणि आठ ते दहा मिलिमीटरची मोकळी वाट देतात. पण जाळीच्या भोकांतून गाठ आत वाढू लागली. त्यावर उपाय म्हणून जाळीवर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण चढवलं गेलं.

इथे पित्ताशय आडवं आलं. पित्ताशयाची नळी मुख्य नलिकेला बाजूने येऊन मिळते. शेताच्या पाटात सलग पाइप टाकला की पाणी पुढे जोरात जातं, पण मधल्या वाफ्याचं तोंड बुजतं. आवरण असलेला स्टेंट त्या तोंडावर बसला तर तसंच होऊ शकतं. बारीक प्लास्टिक नळीभोवती थोडी जागा उरायची. फुललेला स्टेंट मात्र भिंतीला चहूबाजूंनी चिकटतो. पित्ताशयातलं पित्त कोंडतं, त्यात जंतू वाढतात, ताप भरतो, उजव्या बरगडीखाली असह्य दुखतं. आणि हा रुग्ण मुळात मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणूनच स्टेंटकडे वळलेला असतो. उरलेल्या मोजक्या महिन्यांतले आठवडे असे दवाखान्यात जावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळा दोष आवरणावर टाकणं मात्र चूक ठरेल. जपानच्या हिरोयुकी इसायामा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की पित्ताशयाच्या नळीच्या तोंडापर्यंत गाठ पोचली असेल तर स्टेंटनंतर पित्ताशयाला अशी सूज येण्याचा धोका वाढतो. पित्ताशयात आधीच खडे असणं हेही एक कारण. आवरण नसलेल्या स्टेंटनंतरही ही सूज येते.

स्टेंटच्या रचनेतले सगळे बदल या अभ्यासानंतरच झाले, असं नाही. काही आधीपासून चालू होते. एका प्रकारात आवरणाला बाजूने छिद्रं ठेवली, म्हणजे पित्ताशयाच्या नळीतून येणारं पित्त आत शिरू शकेल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम. इसायामांच्याच गटाने २००९ मध्ये स्टेंटचे दोन जोर वेगवेगळे मोजले: बाहेरच्या बाजूला फुलण्याचा आणि वाकवल्यावर सरळ होण्याचा. काही विणीचे स्टेंट बोटांत वाकवले तर लगेच ताठ होतात. पित्तनलिका वळणाची असते. तिथे असा ताठ होऊ पाहणारा स्टेंट दोन्ही टोकांनी भिंतीवर रेटतो, आणि त्या रेट्यात पित्ताशयाच्या नळीचं तोंड किंवा स्वादुपिंडाची नळी दबू शकते. फुलण्याचा जोर टिकवायचा आणि सरळ होण्याचा कमी करायचा, तर तारांची वीण बदलावी लागते. पण फार नरम केला तर स्टेंट जागेवरून सरकण्याची भीती असते.

पित्ताशयाची नळी कुठे मिळते, हेही प्रत्येकाचं सारखं नसतं. कुणाची वरच मिळते, कुणाची बरीच खाली, गाठीजवळ. म्हणून स्टेंट सोडण्याआधी क्ष-किरणांच्या पडद्यावर रंगद्रव्याची रेघ पाहून ते तोंड शोधतात आणि जमेल तिथे वरचं टोक त्याच्या खालीच ठेवतात. गाठ वर चढलेली असेल तर तेवढी जागाच उरत नाही. मग आवरण नसलेली जाळी निवडायची, की पित्ताशयातही वेगळी बारीक नळी टाकायची, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.