एकच मॅच खेळून विम्बल्डन? हो, पण कारण वेगळंय

"पूर्वी बायकांना नाजूक समजायचे म्हणून विम्बल्डनची चॅम्पियन एकच मॅच खेळायची" असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. एकच मॅच हे खरंय, कारण मात्र चुकीचं. तेव्हा चॅलेंज राउंड असायचा, म्हणजे बाकीच्यांनी आपापसात खेळून एक जण वर यायचा आणि मग गेल्या वेळच्या विजेत्याशी त्याची मॅच, आणि हे पुरुषांनाही सेम होतं, उलट त्यांच्याकडे आधी सुरू झालं, १८७८ ला, बायकांचं १८८६ ला.

चेक करायचं तर १९१९ चा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळलं त्याचा तक्ता, काढा. मधे युद्धामुळे स्पर्धाच नव्हती, त्यामुळे १९१४ ची विजेती चाळिशीत थेट शेवटच्या मॅचला उतरली, समोर सगळे राउंड खेळून आलेली २० वर्षांची फ्रेंच पोरगी. मेन ड्रॉमध्ये जुन्या विजेतीचं नाव सापडणारच नाही. स्कोअर १०-८, ४-६, ९-७, जिंकली पोरगी. आता नाजूक म्हणा! त्याच वर्षीचा पुरुषांचा ड्रॉ पण बघा, तिथेही जुना विजेता थेट शेवटी दिसतो.

१९२२ पासून हे दोघांचंही बंद झालं, आणि तीच फ्रेंच पोरगी तेव्हा पहिल्या राउंडपासून खेळून परत जिंकली.