वेंगेनला सहकुटुंब स्कीइंग : पैसे भरण्याआधी आणि बॅग भरताना

स्कीची सुट्टी ही ‘सात दिवसांत चार देश’ या जातीची सहल नाही. एकाच गावात सहा रात्री, रोज तोच उतार, रोज रात्री हीटरवर वाळत घातलेले हातमोजे. हे वाचूनच कंटाळा आला असेल तर घरात आधी बोलून घ्या, कारण तीन दिवसांत स्की येत नाही. पहिले दोन दिवस पडण्यात जातात, तिसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि मजा चौथ्या दिवशी सुरू होते.

नवशिक्या कुटुंबांना आम्ही स्वित्झर्लंडमधलं वेंगेन सुचवतो. गाव १२७४ मीटरवर आहे आणि तिथे मोटार जात नाही. खाली लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी पंधरा मिनिटांच्या आत वर आणते. मुलांचा शिकायचा उतार गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला शी-शू लागली तर हॉटेल पाच मिनिटांवर असतं. याचं मोल तिथे गेल्यावर कळतं. दुसरं कारण म्हणजे तीच गाडी पुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शायडेगला जाते. दुपारी पाय थकले किंवा धुकं उतरलं तर स्की हातात घेऊन गाडीनेच खाली यायचं, स्कीपासमध्ये, म्हणजे उतारांच्या तिकिटात, ते धरलेलं असतं. ‘एवढ्या वर आलोय तर घसरतच जाऊ’ हा हट्ट दुपारी तीननंतर करू नये. तेव्हा उतार उकरलेला असतो, सावलीतला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा होतो आणि मांड्यांत जोर उरलेला नसतो.

कधी जायचं, हा आपल्याकडचा खरा पेच आहे. आपली मे महिन्याची सुट्टी इथे उपयोगाची नाही, कारण एप्रिलच्या मध्याच्या सुमारास वेंगेनचे बहुतेक उतार बंद होतात. झेरमाटच्या हिमनदीवर बारा महिने स्की चालतं, पण ती उंची नवशिक्या मुलांची नव्हे. नाताळचा आठवडा सर्वांत महाग. शाळेतून रजा मिळत असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा पहिला पंधरवडा धरा. जानेवारीच्या मध्यात लाउबरहॉर्नची मोठी स्की शर्यत असते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि काही उतारही बंद असतात. फेब्रुवारीत स्विस शाळांना सुट्ट्या लागतात आणि शिकवणीचे वर्ग भरून जातात.

झ्युरिक विमानतळावरून बर्न, इंटरलाकेन ओस्ट, लाउटरब्रुनेन अशा गाड्या बदलाव्या लागतात. इंटरलाकेनला सुटणारी गाडी वाटेत दुभंगते, अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला आणि अर्धे लाउटरब्रुनेनला जातात. म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच चढा. स्विस ट्रॅव्हल पास वेंगेनपर्यंत चालतो आणि पासधारक आईवडिलांबरोबर सहा ते पंधरा वर्षांची मुलं फॅमिली कार्डावर फुकट येतात. कार्ड मात्र आधी मागून घ्यावं लागतं. स्कीपास वेगळा. चाकांच्या मोठ्या बॅगा बर्फात चालत नाहीत, ओढाव्या लागतात. दोन मोठ्या बॅगांपेक्षा चार लहान बऱ्या.

आता बूट. सुट्टी बिघडते ती बहुतेक वेळा बुटांमुळे. स्की, काठ्या, हेल्मेट आणि बूट हे सगळं तिथे भाड्याने घ्या, इथून काही विकत नेऊ नका. दुकानात शक्यतो आदल्या संध्याकाळी जा, सकाळी नऊला रांग असते आणि घाईत कोणताही बूट बरा वाटतो. बुटात टाच मागे आपटून बसवा, आधी घोट्याजवळचे खटके लावा, मग वरचे आणि शेवटी पंजावरचे, तेही सैलच. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. ‘मुलाला वाढत्या मापाचा’ हा आपला शाळेच्या बुटांचा हिशेब इथे लावू नका. सैल बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही, आणि मूल रडतं.

मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन लोकरी मोजे चढवले की पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. शिवाय घडीखाली फोड येतो. थर्मलची पँट बुटाच्या वर संपली पाहिजे, आत कोंबलेल्या शिवणीने नडगीला वळ उठतात. बूट रात्री बूट-खोलीतच ठेवा, तिथे ते गरम हवेवर वाळतात. खोलीत ठेवलेला ओला बूट सकाळीही ओलाच असतो.

बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यासाठी, दुकानदार वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारेल. बुटाच्या तळाची लांबी तो स्वतः पाहतो. वजन दोन-चार किलो कमी सांगायची सवय इथे सोडा, आणि ‘थोडंफार येतं’ असंही म्हणू नका. त्या आकड्यांवर खटका किती जोराला सुटावा हे ठरतं. सैल राहिला तर कारण नसताना स्की निसटते, घट्ट झाला तर पडताना सुटत नाही आणि गुडघा पिळतो. नवशिक्याची स्की हनुवटीपर्यंत पुरे.

हेल्मेटखाली माकडटोपी घालू नका, हेल्मेट वर उचललं जातं. पातळ बलाक्लाव्हा (डोक्या-मानेला चिकटून बसणारं कापडी आवरण) चालतो. कपडे तीन थरांचे असावेत : अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, मग फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट. सुती बनियन नको, घामाने भिजतो आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर बसल्या बसल्या गारठवतो. सनस्क्रीन ५० एसपीएफचं, नाकपुड्यांच्या खालीही लावा, कारण ऊन बर्फावरून उलटून येतं.

वर्ग सहाही दिवसांचा घ्या, नवरा-बायकोने एकमेकांना शिकवू नये. सुरुवात सरकत्या पट्ट्यावर होते. पुढे उभ्याने ओढत नेणारी लिफ्ट येते. तिच्या आडव्या दांडीवर बसायचं नसतं, मागून टेकू घ्यायचा असतो. बसलात की पडलात. खुर्चीच्या लिफ्टवर पाठपिशवी पुढे घ्या, मुलाला मोठ्या माणसाच्या शेजारी बसवा. उताराच्या पाट्या निळी, लाल, काळी अशा चढत्या कठीणतेच्या असतात. पहिला आठवडा निळा. आपल्यापुढे जो आहे त्याचा हक्क पहिला, थांबायचं ते कडेला.

आजी-आजोबा येत असतील तर उत्तम. गाडीने क्लायने शायडेगला येऊन ते दुपारी जेवायला भेटू शकतात. तिथून पुढे गाडीने जाता येणारं युंगफ्राउयोख मात्र ३४५४ मीटरवर आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण साध्या पॉलिसीत स्कीइंग अनेकदा वगळलेलं असतं. ‘विंटर स्पोर्ट्स’ आणि ‘उतारावरून बचाव’ हे दोन्ही शब्द पॉलिसीत छापलेले आहेत का ते पाहा. हेलिकॉप्टरचं बिल तिथे जखमीच्या नावावर येतं. हवाई बचावाचा क्रमांक १४१४, रुग्णवाहिकेचा १४४.

जेवणाचं दोनच शब्दांत. फोंड्यूत (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ) बहुधा व्हाइट वाइन असते आणि ग्रुयेरसारख्या चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं दूध फाडणारं द्रव्य, असतं. कडक शाकाहारी असाल तर स्वयंपाकघरवाला फ्लॅट घ्या. भाजणी, मेतकूट, पोहे न्या. साजूक तूप, पेढे, दूध पावडर नेऊ नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला स्विस कस्टमची मनाई आहे. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही.

निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून रोज जिने चढा-उतरा आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसा. ३० सेकंदांपासून सुरुवात करून दोन मिनिटांपर्यंत जा.

तीन आठवडे आधी प्रत्येकाची उंची, वजन, वय आणि पावलाची लांबी आम्हाला कळवा. पाऊल संध्याकाळी मोजा, तेव्हा ते थोडं फुगलेलं असतं. टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर उभं राहा, सर्वांत लांब बोटापाशी कागदावर खूण करा. दोन पायांत फरक असेल तर दोन्ही आकडे लिहा, मिलिमीटरमध्ये.