फड्यातून रक्त येत नाही, ते किड्याचं आहे

सध्या सोलापूरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, बांधावरच्या निवडुंगाला काडी टोचली की लालभडक रक्त येतंय आणि खाली लोकांनी हात जोडलेत. ते रक्त नाही ओ. फड्यावर पांढरा कापूस चिकटलेला दिसतो ना, त्याच्या आत कोचिनील किडा असतो, तो चिरडला की त्याच्या अंगातलं कार्मिनिक ॲसिड बाहेर येतं. कुणाचा कोप नाही, नारळ वाढवायची गरज नाही.

आपण सरसकट फड्या म्हणतो, पण त्यात जाती आहेत. ओपन्शिया मोनाकँथाचा फडा पातळ, चकचकीत हिरवा, एका ठिपक्यातून बहुतेक एक-दोनच लांब काटे. ओपन्शिया डिलेनी निळसर, काटे पिवळे, चपटे, जरा वाकडे आणि झुपक्यानं. फूल दोन्हीचं पिवळंच, त्यामुळं फुलावर जाऊ नका, काटे बघा.

आपल्याला हा फरक पटकन कळत नाही, किड्याला बरोब्बर कळतो. या किड्यापासून बनणाऱ्या तांबड्या रंगाचा धंदा तेव्हा स्पेनच्या हातात होता (आपण चादरीच्या गावचे, रंगाचं मोल काय सांगायचं), म्हणून 1795 मध्ये ब्राझीलहून भारतात किडा आणला, पण निघाला भलताच, डॅक्टिलोपियस सिलोनिकस, रंग हलक्या प्रतीचा. त्यानं मोनाकँथाचा फडशा पाडला आणि डिलेनीला तोंड लावलं नाही. डिलेनी तसाच माजत राहिला, शेवटी 1926 मध्ये श्रीलंकेतून किड्याची दुसरी जात आणली, डॅक्टिलोपियस ओपन्शी, तेव्हा कुठं तो आटोक्यात आला.

पसरतो कसा ते भारी आहे. मादीला पंखच नसतात. नुकतं निघालेलं पिल्लू इतकं बारीक की अंगावरच्या मेणाच्या लांब धाग्यांमुळं वाऱ्यावर उडत जातं, फड्यावर पडलं की केसाहून बारीक सोंड आत खुपसतं, आणि मादी असेल तर मग जन्मभर तिथंच, रस पीत, मेणाचा कापूस पांघरून. निवडुंगाची जात चुकली तर तिची वाढच नीट होत नाही, खेळ खलास. कार्मिनिक ॲसिड तिनं स्वतः बनवलेलं असतं, मुंग्या त्यामुळं लांब राहतात.

चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग लावणाऱ्यांनी एवढं बघा, हा ओपन्शी किडा त्यालाही सोडत नाही, मोरोक्कोत 2014 पासून बागाच्या बागा वाळल्यात. बेणं आणताना फडा उलटापालटा करून बघा, पांढरा ठिपका दिसला तर नखानं दाबा, लाल आलं की ते बेणं घेऊ नका.