पालक-शिक्षक संघातल्या पालकांची निवड मुख्याध्यापक करत नाहीत

‘पालक-शिक्षक संघात कोण बसणार ते शाळाच ठरवते’ हा समज महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या फाटकावर वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार प्रत्येक पालक आपोआप संघाचा सदस्य असतो. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन व्हायलाच हवा. कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक, पण उपाध्यक्ष पालक. शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक, तोही इच्छुकांच्या नावांची सोडत काढून. गडबड इथेच होते: सूचना फलकावर उशिरा लागते आणि ओळखीची चार नावं आधीच ‘इच्छुक’ म्हणून लिहिलेली असतात. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोडतीला हजर राहा. फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते.